मोठी फाइल लावली की नेट गुल

प्रश्न : मोबाइलवर व्हिडिओ नीट चालतात, पण लॅपटॉपवर ६० जीबीचा गेम डाउनलोडला लावला की थोड्याच वेळात नेट जातं. राउटर बंद-चालू केला की परत येतं. काय करू? – एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नेट जाताच फायबरच्या डब्यावरचा ‘एलओएस’ दिवा बघा. लाल असेल तर दोष लाइनमध्ये. कपाटामागे केबल दुमडली नाही ना, हेही पाहा. दिवा लाल नसेल तर लॅपटॉप लॅन केबलने जोडून तोच गेम उतरवा. केबलवर टिकलं तर दोष वायफायमध्ये. ५ गिगाहर्ट्झवर या. केबलवरही तुटलं तर माझा पहिला संशय उष्णतेवर. बरेच घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा त्यापुढे जातो. त्यात तो टीव्हीच्या कपाटात कोंडलेला! (वर क्रोशाचा रुमालही असतो बहुधा.) मोकळ्यावर ठेवा. तरीही फरक नसेल तर त्याच व्होल्ट-अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. तोवर डाउनलोडचा वेग निम्म्यावर बांधा.

लाइनचाच दोष निघाला तर कंपनीकडून तक्रारीचा डॉकेट क्रमांक जरूर घ्या. पुढच्या अपिलाला तोच लागतो.