यंत्रावरील इजा आणि मजुराची नुकसानभरपाई

सोयाबीन, हरभरा, गहू यांची मळणी आता बहुतेक गावी यंत्रावर होते व कडबा कापण्यासही कुट्टी यंत्र आले आहे. कामाचा उरक वाढला हे खरेच. परंतु त्याबरोबर बोटांच्या व पंजाच्या इजाही शिवारात आल्या. या इजा कशा होतात आणि त्या झाल्यावर मजुराचा कायदेशीर हक्क काय, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

मळणी यंत्रावरील अपघात बहुधा यंत्राच्या तोंडाशी घडतो. ताटे लांब असली म्हणजे हात दूर राहतो. पण आखूड ताटे किंवा खाली सांडलेला माल आत सारताना हात नकळत खोल जातो. जो ढोल माल ओढतो तोच हातही ओढतो, आणि हात मागे घेण्यास सवड मिळत नाही. म्हणूनच भारतीय मानकानुसार माल सारण्याची पन्हळ किमान 90 सेंटिमीटर लांब असावी व तिचा ढोलाकडील 45 सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे ठरले आहे. शेतकरी बंधूंनी यंत्र भाड्याने आणताना दराची घासाघीस जरूर करावी. पण तत्पूर्वी टेप घेऊन ही दोन मापे पाहावीत. भाड्याच्या यंत्राचे झाकण काम भराभर व्हावे म्हणून काढून ठेवलेले असते, असा अनुभव वारंवार येतो.

दुसरे ठिकाण म्हणजे पट्टा, कप्पी व ट्रॅक्टरमागील फिरता दांडा. हा दांडा सामान्यतः मिनिटास 540, म्हणजे सेकंदास 9 फेरे घेतो. साडीचा पदर, ओढणी किंवा सैल बाही त्यात सापडली की ओरडण्यापूर्वीच अंग ओढले जाते. त्यावर संरक्षक नळी असलीच पाहिजे. अडकलेला माल काढायचा तर आधी यंत्र बंद करावे, व ते पूर्ण थांबल्याखेरीज हात घालू नये.

बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व हात उंच ठेवावा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फाचा त्या भागास प्रत्यक्ष स्पर्श होऊ देऊ नये. हळद वा माती भरू नये. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. येथे वेळेस फार महत्त्व आहे.

आता भरपाईविषयी. शेतमजुराला असा कायदा लागू नाही, हा समज सर्वत्र आहे व तो चुकीचा आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीतच ट्रॅक्टरने अथवा यांत्रिक शक्तीवर वा विजेवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीतील कामगारांचा समावेश होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 हिने घेतली असून ही तरतूद तिच्यातही आहे. विळ्याने बोट कापल्यास मात्र मजूर या तरतुदीत सहसा बसत नाही, ही उणीवच म्हटली पाहिजे.

रक्कम कशी निघते हे उदाहरणाने पाहू. मजुराचे वय 30 वर्षे, मासिक वेतन 12,000 रुपये. एका हाताची दोन बोटे गेली. वेतनाच्या 60 टक्के म्हणजे 7,200 रुपये. त्यास 30 वर्षे वयाच्या 207.98 या गुणकाने गुणले असता 14,97,456 रुपये होतात. दोन बोटांसाठी 20 टक्के अक्षमता धरली जाते. म्हणून भरपाई सुमारे 2,99,491 रुपये. अंगठा गेल्यास 30 टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याहून निराळा. चार-पाच हजार रुपये हातावर ठेवून प्रकरण मिटवण्याची जी रीत गावोगाव पडली आहे, तिच्याशी हा आकडा ताडून पाहावा. हक्क सोडल्याचे लिहून घेतलेले कागद कायद्याने निरर्थक ठरतात. मृत्यूच्या प्रकरणी तर भरपाई परस्पर देता येत नाही. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते.

कंत्राटदाराने आणलेल्या मजुराची जबाबदारीही शेतमालकावर येऊ शकते. दिलेली रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करण्याचा हक्क मात्र त्यास राहतो. लहान शेतकऱ्यास एवढा बोजा झेपणारा नाही. म्हणून हंगामापुरता का होईना, मजुरांच्या भरपाईचा विमा सर्वसाधारण विमा कंपनीकडून उतरवणे शहाणपणाचे होय.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेशी याची गल्लत होऊ नये. ती सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. अपघाती मृत्यूस 2 लाख, एक अवयव वा एक डोळा निकामी झाल्यास 1 लाख रुपये, आणि प्रस्ताव 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावयाचा. भूमिहीन मजूर तिच्यात येत नाही. त्याला आधार वरील संहितेचाच, आणि तिच्याखालील दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे.

दावा अडतो तो बहुतेक वेळा पुराव्यावाचून. मजुरी रोख, हजेरी तोंडी, आणि रुग्णालयातील कागदावर नुसते 'हातास जखम' एवढेच शब्द. यासाठी अपघात कोणाच्या शेतात, कोणत्या यंत्रावर व कोणत्या वेळी झाला हे डॉक्टरांस पहिल्याच दिवशी सांगून नोंदवून घ्यावे. पोलिसांत खबर द्यावी, सोबतच्या दोघांची नावे लिहून ठेवावीत, यंत्राचे छायाचित्र काढावे. वयाचा दाखला व रोजच्या मजुरीचा दर यांचीही नोंद हवी, कारण सारा हिशेब त्यांवरच उभा राहतो. वकिलाचा खर्च परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा; स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग व्यक्ती यांना तेथे उत्पन्नाची अट न पाहता विनामूल्य साहाय्य मिळते.