रुळांवरची यारी
लोहमार्गाच्या डागडुजीत जड रूळ उचलण्यास स्वतःच्या इंजिनाने चालणारी यारी वापरतात. मीटरला ६० किलो वजनाचा, १३ मीटर लांबीचा रूळ ७८० किलो भरतो. परंतु केवळ वजन पाहून भागत नाही. बाजूस भार उचलताना यारी ज्या रुळावर तोलली जाते, त्यापासून तो भार दुप्पट दूर नेला, की तिला उलथविणारा जोरही दुप्पट होतो. आणि आपल्या रुंदमापी मार्गाचे रूळ तर अवघ्या १६७६ मिलिमीटर अंतरावर असतात! म्हणून यारीच्या मागे प्रतिभार ठेवतात, आणि मोठा भार उचलताना बाजूंचे टेकू पसरून तिचा पाया रुंद करतात. वर्गात आपण शिकतो तो हाच तरफेचा नियम. तो परीक्षेपुरता पाठ करू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांस आग्रहाने सांगतो. कारण रुळांवर राबणाऱ्यांचे प्राण त्यावरच तोललेले असतात.