दारात उभे राहू नये

२००८ साली अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला केला. ते ताजमहाल हॉटेलात शिरून बसले. मग सरकारचे कमांडो आत गेले आणि एकेक खोली बघत पुढे सरकले. अशा लढाईचे शिक्षण वेगळे असते. मैदानात शत्रू लांबून दिसतो. घरात तो चार हातांवर असतो, आणि मध्ये एक दार.

तुम्ही म्हणाल, हे बंदुकीचे काम, आपल्याला काय त्याचे? पण यात बंदुकीइतकेच महत्त्व उभे कुठे राहावे याला आहे. दारात थांबू नये. का बरे? उजेड आपल्या पाठीशी असतो. आतल्याला आपण दिसतो, आपल्याला तो दिसत नाही. कोपऱ्यावर एकदम वळू नये. थोडे थोडे बघत वळावे. प्रत्येकाने आपापली बाजू सांभाळावी. सगळेच एकीकडे बघू लागले, तर पाठ उघडी पडते.

त्याच हल्ल्यात, २६ नोव्हेंबरच्या रात्री, दोघे अतिरेकी कामा हॉस्पिटलात घुसले. परिचारिका अंजली कुलथे यांच्याकडे २० गरोदर बाया होत्या. हातात काठीसुद्धा नाही! त्यांनी वॉर्डाची दारे लावली, दिवे मालवले, सगळ्यांना टोकाच्या लहान खोलीत नेले. एकीला कळा सुरू झाल्या. तिला हाताला धरून, भिंतीच्या कडेकडेने जिना चढवून, बाळंतिणीच्या खोलीत पोचवले.

आपल्या नाशिक जिल्ह्यात अतिरेकी नाही, पण बिबट्या येतो. निफाड, सिन्नरकडे तो उसात राहतो. कधी घरातही शिरतो. मग सारा गाव दारापुढे गोळा होतो. पोरे पत्र्यावर चढतात. दहा जण दहा गोष्टी ओरडतात. बिबट्याला बाहेर पडायला एकच वाट, आणि तिथेच आपण उभे! त्याने करावे तरी काय?

आधी घरची माणसे मोजा. शाळा सुटताना आम्ही दारात मुले मोजत असू, तशी. आत कोणी राहिले नसेल आणि आडोशाने दार ओढता येत असेल, तर कडी घाला. नाही तर दारासमोरची वाट मोकळी सोडा. एकानेच बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. वन खात्याला १९२६ वर फोन करावा. चोर शिरला असेल तर ११२ वर. घर आपलेच आहे, म्हणून अंधारात आत घुसू नये.

आज रात्री एक करून बघा. आतला दिवा मालवा, ओट्यावरचा चालू ठेवा. घरच्या कोणाला तरी आत कोपऱ्यात बसवा आणि तुम्ही दारात उभे राहा. कोण कोणाला आधी दिसते?