घाबरलीस म्हणून विश्वास कमी झाला नाही

छोटे, परवा फोनवर तू बोलता बोलता थांबलीस, तेव्हाच मला कळलं. उपासना झाल्यावर कुणीतरी तुला म्हणालं, विश्वास ठेवणाऱ्याला कसली आलीय चिंता? आणि तेव्हापासून तुला दोन दुखणी लागलीत. एक ते रात्री अडीच-तीनला उठवणारं छातीतलं धडधडणं, आणि दुसरं, आपला विश्वासच खोटा आहे की काय ही बोच. पहिल्याचं नंतर पाहू. दुसरं मात्र आजच मनातून काढून टाक. बोलणारीचा हेतू चांगलाच असेल, पण ती चुकीचं बोलली.

गेथशेमाने बागेतली ती रात्र आठव. लूकनं लिहून ठेवलंय की प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. ज्याच्यात पाप नव्हतं त्याचाही जीव कासावीस झाला. आणि त्या घडीला त्यानं काय केलं? तिघा जवळच्यांना सोबत नेलं, मला फार जड जातंय असं त्यांना सांगितलं, जागं राहायला विनवलं. देवाच्या पुत्रानं सोबत मागितली गं! आणि तू अजून भाऊजींनाही काही कळू दिलेलं नाहीस.

मला तर एलीयाची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. पहिल्या राजे पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, आज पुन्हा काढून वाच. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर नुकताच जिंकून आलेला, आणि राणी ईजबेलच्या एका निरोपानं जीव घेऊन पळाला. रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे आता, मला मरण दे. आता देव रागावेल असं आपल्याला वाटतं. पण देव त्याला एका शब्दानं बोलला नाही. एलीया झोपला, त्याला झोपू दिलं. मग देवदूतानं हलवून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो जेवला, पाणी प्याला, पुन्हा झोपला. देवदूतानं दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातलं, कारण पुढचा रस्ता लांबचा होता. देवाशी बोलणं झालं ते नंतर, होरेब डोंगरावर. आधी भाकर आणि झोप, मग बोलणं. तू मात्र सोयाबीनच्या दिवसांत दुपारचं जेवण चहावर काढतेस, रात्री अंधारात मोबाइल बघत पडतेस, आणि पहाटे देवाला विचारतेस की शांती का देत नाहीस.

आता जरा नाजूक बोलते, राग मानू नकोस. तुझी प्रार्थना मी ऐकली आहे. एकच मागणं तू दहा-दहा वेळा मागतेस. नीट मागितलं गेलं नसेल या भीतीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतेस. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या वडिलांविषयी आहे बघ. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील १८५७ च्या बंडापायी फासावर गेले आणि त्या धक्क्यानंतर वडिलांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला की धान्यच काय, मीठ-साखरसुद्धा धुवायची. घरादाराचे हाल झाले. भ्यालेल्या मनाला हातांसाठी काहीतरी काम लागतं, आणि कितीही केलं तरी ते पुरत नाही. तुझ्या प्रार्थनेचं तसं सोवळं होऊ देऊ नकोस. देवानं पहिल्यांदाच ऐकलंय. एकदा सांग, काळजीचं नाव घेऊन सांग. ‘प्रभू, सगळं नीट कर’ असं मोघम नको. ‘प्रभू, बँकेचा हप्ता मार्चात भरायचा आहे आणि पैसे नाहीत’ असं सांग. पौलानं फिलिप्पैकरांना हेच शिकवलं, आपली मागणी आभारासहित देवाला कळवा. आणि ते पत्र त्यानं लिहिलं बेड्यांत असताना.

मत्तयाचा सहावा अध्याय तुला तोंडपाठ आहे. पाखरं, रानफुलं, सगळं. त्याचा शेवट मात्र आपण घाईनं वाचतो. उद्या दुःख येणार नाही असं प्रभू तिथे म्हणत नाही. आजच्या दिवसाला आजचा त्रास आहेच, हे तो मान्य करतो आणि उद्याचा त्रास आज ओढून आणू नका म्हणतो. भाव पडला तर, मुलाला नीटला मार्क कमी आले तर, सासूबाईंचं बीपी वाढलं तर, यातलं आजचं काय आहे ते बघ. सासूबाईंची गोळी आजची आहे, ती दे. मुलाचा निकाल आजचा नाही. अशी विभागणी कागदावर कर. मनातल्या मनात केली की सगळं पुन्हा एकात एक मिसळतं.

हात जोडून बसायचं आणि काही करायचं नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. पंडिता रमाबाईंकडे बघ. दुष्काळानं आई-वडील आणि बहीण नेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. पुढे शारदा सदन काढलं, त्याला अमेरिकेतून दहा वर्षं मदत मिळाली आणि १८९८ साली ती मुदत संपली. आणि हे केव्हा, तर १८९६-९७ च्या दुष्काळातल्या कितीतरी मुली त्यांनी नुकत्याच आणलेल्या असताना. एवढी तोंडं आणि पैशाचा भरवसा नाही! त्या बाईंनी गुडघे टेकले आणि केडगावच्या माळावर विहिरीही खणवल्या. शेती केली, मुलींना विणकाम शिकवलं, छापखाना चालवला. त्यांचा विश्वास मला खरा वाटतो तो यासाठी. नुसत्या साक्षी ऐकून आपण भारावतो, विहिरींचं कुणी सांगत नाही.

मेहकरात आपली माणसं थोडी, सगळे सगळ्यांना ओळखतात. मंडळीत बोललं तर गावभर होईल, ही तुझी भीती मला कळते. म्हणून सगळ्यांना सांगू नकोस. एकीला सांग, जिच्या पोटात गोष्ट राहते. पाळकांच्या पत्नीला सांगितलंस तरी चालेल, आणि शेजारच्या काकू, ज्या दर एकादशीला शारंगधर बालाजीला जातात, त्यांना सांगितलंस तरी देव रागावणार नाही. तुझ्या बाळंतपणात रात्र रात्र त्याच बसल्या होत्या.

आता डॉक्टरांचं. आठवड्यातून कितीदा तरी झोप मोडते, हातपाय गार पडतात, जेवण जात नाही, घरातल्या कामात मन लागत नाही, आणि हे कितीतरी महिने चाललंय. हे दुखणं आहे, त्याला औषध आहे. थायरॉइड वाढलं किंवा रक्त कमी असलं तरी अशी धडधड होते, म्हणून आधी तपासणी. गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ. गोळी घेतली म्हणजे देवावरचा भरवसा सोडला, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. साखरेची गोळी आपण प्रार्थना करूनच घेतो ना? लूक स्वतः वैद्य होता आणि पौलानं त्याला प्रिय म्हटलंय.

सोमवारी सकाळी तयार राहा. मी येते, दोघी मिळून सरकारी दवाखान्यात जाऊ. त्याआधी आज रात्री भाऊजींना सांग, सगळं नाही तर अर्धं सांग. तरीही रात्री जीव घाबरला, किंवा जगूच नये असा विचार एकदा जरी मनात आला, तर सकाळची वाट बघू नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो लाव, आणि लगेच मलाही उठव.