पाणी हरवलेले आम्ल

नंदुरबार जिल्ह्यातील खापर गावाच्या परिसरात उन्हाळा लागला की मोहाची फुले वेचली जातात. ही गोड फुले पाण्यात भिजत ठेवली तर आंबतात आणि साखरेचे अल्कोहोल होते. ते बरेच दिवस हवेत उघडे राहिले, तर जिवाणू त्याचे ॲसेटिक आम्ल करतात. व्हिनेगरमध्ये असते तेच हे आम्ल.

या आम्लाच्या एका रेणूतून पाण्याचा एक रेणू काढून घेतला, तर काय उरेल? रेणुभारांची वजाबाकी करा : ६० − १८ = ४२. उरलेल्या पदार्थाचे नाव कीटीन. हा रंगहीन, उग्र वासाचा वायू आहे. पाणी मात्र सहजासहजी सुटत नाही. कारखान्यात त्यासाठी आम्लाची वाफ ७०० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनही अधिक तापवावी लागते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९०५ साली या कुळातील पहिले संयुग बनवले. खुद्द कीटीन १९०७ साली तयार झाला.

कीटीनच्या रेणूत दोन कार्बन व एक ऑक्सिजन हे अणू एका सरळ रेषेत असतात. मधला कार्बन दोन्ही शेजाऱ्यांशी दुहेरी बंधाने जोडलेला असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून मधल्या कार्बनवर थोडा धनभार येतो. इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असलेला रेणू तेथे चटकन जोडला जातो. पाणी भेटले की पुन्हा ॲसेटिक आम्ल, अल्कोहोल भेटले की इथाइल ॲसिटेट, अमोनिया भेटला की ॲसिटामाइड! कोणीच भेटले नाही, तर कीटीनचे दोन रेणू एकमेकांशी जुळून डायकीटीन हा द्रव बनतो. म्हणूनच कीटीन साठवून ठेवत नाहीत. बनवला की लगेच वापरतात. आपल्या महाराष्ट्रात महाड येथे डायकीटीनपासून रसायने बनवण्याचा उद्योग आहे.

हाच गुण घातकही आहे. श्वासावाटे आत गेलेला कीटीन फुप्फुसातील प्रथिनांशी जोडला जातो. त्रास कधीकधी काही तासांनी जाणवतो. तोवर इजा होऊन गेलेली असते. तेव्हा हा प्रयोग शाळेत करावयाचा नाही.

आणि हाच गुण उपकारकही आहे. कीटीन (४२) ॲसेटिक आम्लाशी (६०) जोडला की ॲसेटिक ॲनहायड्राइड (१०२) मिळते. त्याची सॅलिसिलिक आम्लाशी (१३८) क्रिया केली की ॲस्पिरिन (१८०) तयार होते. आता बेरीज पाहा : १०२ + १३८ = २४०. ॲस्पिरिनचे १८० वजा केले, तर ६० उरतात. हे ६० कोणाचे, ते ओळखा व वर्गात सांगा. उत्तराची सुरुवात मोहाच्या झाडाखाली झाली आहे!