इन्सुलिनची सुई आणि त्वचेखालची गाठ

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर टॉवेल विणले जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. नव्या, न धुतलेल्या टॉवेलवर पाणी टाका. ते चटकन शोषले जात नाही. कारण धाग्यांवर खळीचा व इतर द्रव्यांचा लेप असतो. तोच टॉवेल दोन-तीनदा धुतला, की पाणी पाहता पाहता जिरते. म्हणजे पाणी तेच, पण ते शोषणाऱ्या पदार्थाची स्थिती बदलली की परिणाम बदलतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता अशी कल्पना करा, की अशाच एका कारखान्यात काम करणाऱ्या काकांना मधुमेह आहे. ते रोज पोटावर इन्सुलिनचे इंजेक्शन घेतात. एका ठरावीक जागी दुखत नाही, म्हणून सुई नेहमी तिथेच टोचतात. काही महिन्यांनी तिथे मऊ रबरासारखा फुगवटा येतो. औषध वेळेवर घेऊनही रक्तातली साखर कधी चढते, कधी एकदम उतरते. असे का व्हावे?

गाठ कशी होते?

इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते. रक्तातील साखर पेशींत शिरायला ते मदत करते, त्याचप्रमाणे मेदपेशींना मेद साठवण्याचा संदेशही देते. एकाच जागी रोज इन्सुलिन पडले, तर तिथल्या मेदपेशी हा संदेश वारंवार घेतात आणि फुगतात. सुईने होणाऱ्या बारीक जखमांचीही त्यात भर पडते. हळूहळू तिथे तंतुमय ऊती वाढतात व रक्तवाहिन्या विरळ होतात. संवेदनाही कमी होते, आणि दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो!

निरोगी मेदाच्या थरात टोचलेले इन्सुलिन विसरणाने पसरते व केशवाहिन्यांतून रक्तात जाते. गाठीत मात्र ते खळीच्या टॉवेलवरील पाण्यासारखे अडून राहते. कधी उशिरा, कधी थोडेच रक्तात पोचते. साखर वाढलेली दिसते, म्हणून मात्रा वाढवली जाते. मग एखाद्या दिवशी तीच वाढीव मात्रा निरोगी जागी टोचली, की सारे इन्सुलिन भराभर रक्तात जाते आणि साखर धोक्याच्या पातळीखाली घसरते. हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. चालत्या मागाशेजारी हे घडले तर केवढा अनर्थ! म्हणून गाठ सोडून नवी जागा निवडताना मात्रा किती कमी करायची, हे डॉक्टरांनाच विचारायला हवे.

ही तक्रार दुर्मीळ नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील एका पाहणीत इन्सुलिन घेणाऱ्या ४३० रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांच्या त्वचेखाली अशा गाठी आढळल्या.

सुईचे भौतिकशास्त्र

दाब = बल ÷ क्षेत्रफळ, हे सूत्र तुम्ही शिकला आहात. समजा, सुईच्या टोकाचे क्षेत्रफळ ०.०१ चौरस मिलिमीटर आहे आणि आपण फक्त ०.५ न्यूटन बल लावले. तर दाब ५ कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ५०० पट होतो! म्हणूनच सुई अलगद आत जाते. तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली, की टोक बोथट होते. क्षेत्रफळ चौपट झाले, तर तेवढ्याच दाबासाठी बल चौपट लावावे लागते. त्वचा फाटते, दुखते, निळसर डाग पडतो. सुई प्रत्येक वेळी नवी वापरावी, असे सांगतात ते याचसाठी.

इतर त्रास

काहींना टोचल्या जागी लाली व खाज येते. कधी मेद झिजून खड्डा पडतो. पूर्वी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन पुरेसे शुद्ध नसे, तेव्हा असे खड्डे पुष्कळ दिसत. शुद्धीकरण सुधारले, १९८२ साली जीवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन वापरात आले आणि हा त्रास दुर्मीळ झाला. इन्सुलिनच्या पहिल्या रुग्णालाही त्वचेचा त्रास चुकला नव्हता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिले इंजेक्शन दिले, तेव्हा अर्क अशुद्ध होता व टोचल्या जागी गळू झाले. कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून त्याला खरा गुण आला.

काय करावे?

पोटाचे मनाने चार भाग करावेत व दर आठवड्याला एक भाग वापरावा. त्या भागातही प्रत्येक वेळी आधीच्या जागेपासून निदान एक सेंटिमीटर, म्हणजे बोटभर, सरकावे. टोचण्यापूर्वी बोटांनी चाचपून गाठ नाही ना, हे पाहावे. गाठीला विश्रांती दिली, तर ती काही महिन्यांत बहुधा ओसरू लागते. औषध थंडगार असेल तर टोचताना झोंबते. म्हणून वापरातली बाटली थोडा वेळ बाहेर ठेवून मग टोचावे. मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात ती उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली राहू देऊ नये. उष्णतेने इन्सुलिनचा गुण जातो, गोठल्यानेही जातो.

करून पाहा

धुतलेल्या सुती कापडाच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासा. दोन्ही भागांवर शाईचा एकेक थेंब टाका. कोणता थेंब लवकर पसरतो? काकांच्या पोटावरील निरोगी जागा कोणती व गाठ कोणती, हे आता तुम्हीच सांगा. सुईला मात्र हात लावू नका. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर एवढेच विचारा: “आज जागा बदललीत ना?”