मुलांचा अभ्यास : मौर्य साम्राज्य का मोडले?



पनवेलमधील एका नवदीक्षित कुटुंबातील नववीच्या मुलीने ‘मौर्य साम्राज्याचा ऱ्हास’ या विषयावर निबंध लिहिला. शेवट असा होता : ‘अशोकाने बौद्ध धर्म स्वीकारला, अहिंसा पाळली, त्यामुळे सैन्य दुबळे झाले आणि साम्राज्य बुडाले.’ वडिलांना हे वाक्य झोंबले. त्यांनी ते खोडले व ‘ब्राह्मणांनी कपटाने साम्राज्य बुडविले’ असे लिहावयास सांगितले. मुलगी गोंधळली. पहिले वाक्य गाईडातले, दुसरे वडिलांचे. मग तिचे स्वतःचे कोणते?

असा प्रसंग उद्या आपल्याही घरी येईल. म्हणून या निबंधाची दुरुस्ती आपण क्रमाने करू.

प्रथम सनावळी मांडा. अशोकाचे निधन सुमारे इ. स. पू. 232 मध्ये झाले. शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याचा वध सुमारे इ. स. पू. 185 मध्ये झाला. म्हणजे मध्ये जवळजवळ 47 वर्षे गेली. एवढ्या काळात अनेक राजे झाले. त्या सर्वांचा हिशेब न घेता सारा दोष अशोकाच्या माथी मारणे हे इतिहासाला धरून नाही.

दुसरे, अशोक स्वतः काय म्हणतो ते पाहा. त्याचे शिलालेख ही त्याच्याच काळातील साक्ष आहे. तेराव्या शिलालेखात कलिंग युद्धाबद्दल तो पश्चात्ताप व्यक्त करतो; पण त्याच लेखात अरण्यवासी लोकांना, आपल्याला पश्चात्ताप झाला असला तरी आपल्या अंगी सामर्थ्य आहे, अशी ताकीदही देतो. चौथ्या स्तंभलेखावरून दिसते की, देहांताची शिक्षा चालूच होती. त्याने अशा कैद्यांना तीन दिवसांची सवलत दिली. जिंकलेला कलिंग त्याने परत केला नाही. सैन्य मोडल्याचा उल्लेख त्याच्या कोणत्याही लेखात नाही. तेव्हा गाईडातील वाक्याला पुरावा कोठे आहे?

तिसरे, कारण एकच असते असे समजू नका. साम्राज्य फार विस्तीर्ण होते व कारभार राजा आणि त्याचे अधिकारी यांच्या कर्तबगारीवर चालत होता. राजा दुबळा निघाला की दूरचे प्रांत सुटू लागत. सुमारे इ. स. पू. 206 मध्ये ग्रीक राजा तिसरा अँटिओकस हिंदुकुश ओलांडून आला, तेव्हा त्याने तेथे सुभगसेन नावाच्या राजाशी मैत्री करून हत्ती घेतले, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस सांगतो. म्हणजे बृहद्रथाच्या वधापूर्वीच वायव्येकडे वेगळा राजा दिसतो. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी नाण्यांच्या घसरत्या कसाकडे बोट दाखविले. रोमिला थापर यांनी 1961 च्या आपल्या ग्रंथात राज्यकारभाराच्या रचनेवर भर दिला.

चौथे, आता वडिलांचे वाक्य. ते अगदीच निराधार नाही. सैन्याची पाहणी चालू असताना सेनापती पुष्यमित्र शुंगाने बृहद्रथाला ठार केले, हे बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त आहे. पुष्यमित्राने भिक्खूंचा छळ केल्याची कथा ‘दिव्यावदाना’त आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी या घटनेला बौद्ध क्रांतीविरुद्धची ब्राह्मणी प्रतिक्रांती मानले. त्यांचे ते लेखन महाराष्ट्र शासनाने 1987 साली प्रसिद्ध केले. पण मुलांना हेही सांगा की, बाणभट्ट सातव्या शतकातला आहे, ‘दिव्यावदान’ही पुष्यमित्रानंतर काही शतकांनी तयार झाले, आणि भरहुतच्या बौद्ध स्तूपाच्या तोरणावर शुंगांच्या राज्याचा उल्लेख कोरलेला आहे. छळ किती झाला याविषयी म्हणूनच विद्वानांत मतभेद आहेत. आपल्याला अडचणीचा पुरावा लपविणे ही बाबासाहेबांची अभ्यासाची रीत नव्हे.

मग शेवट कसा लिहावा? असा : ‘अशोकानंतर दुबळे राजे, सुटत गेलेले प्रांत आणि कारभारातील शिथिलता यांनी साम्राज्य खिळखिळे झाले. सेनापती पुष्यमित्राने बृहद्रथाचा वध करून त्याचा शेवट केला. अहिंसेमुळे सैन्य मोडले, याला शिलालेखांत आधार मिळत नाही. पुष्यमित्राचे कृत्य ही प्रतिक्रांती होती, असे डॉ. आंबेडकरांचे मत आहे.’ यात घटना वेगळी आहे आणि मत वेगळे आहे. कोणी उलटून विचारले तर मुलीला उत्तर देता येईल.

ज्या आईवडिलांना शाळा मिळाली नाही त्यांनी संकोच करू नये. मुलाला तीनच प्रश्न विचारा : हे कोणी सांगितले? घटनेनंतर किती वर्षांनी सांगितले? त्याला ते कसे कळले? केवळ ऐकीव म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, हा भगवान बुद्धांचा कालामांना केलेला उपदेश आहे. तो वडिलांच्या शब्दालाही लागू आहे.

शक्य झाल्यास मुलांना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात न्या. आपल्याच कोकण किनाऱ्यावरील सोपाऱ्यास 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळालेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथे आहे. अशोकाने बोधिवृक्षाच्या स्थानी केलेली यात्रा त्या लेखात नोंदलेली आहे. नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात 1956 साली, आपल्या दीक्षेच्या वर्षी, सापडला. व्यर्थ विधी सोडा, दास व नोकरांशी नीट वागा, हे त्या लेखाचे सांगणे आहे. मुलांना त्या दगडासमोर उभे करा आणि मग वही उघडा.